उजनीकाठच्या शाळांसाठी पक्ष्यांचं ॲप: यादीपासून प्ले स्टोअरपर्यंत

पक्ष्यांचं ॲप करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "फोटो काढला की नाव सांगणारं करू." त्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं मर्लिन हे ॲप फोटोवरून आणि आवाजावरून पक्षी ओळखतं, फुकट मिळतं आणि भारतातले पक्षीही त्यात आहेत. त्याच्याशी स्पर्धा करण्यात दोन वर्षं जातील आणि हाती काही लागणार नाही. मर्लिनला माहीत नसतं ते हे: आपल्या गावच्या पाण्यावर कुठला पक्षी कधी उतरतो, मासेमार त्याला काय म्हणतात आणि सहावीतल्या मुलाने आधी काय बघायचं. ॲप त्यासाठी करायचं.

खाली उदाहरण म्हणून उजनी धरणाच्या पाणफुगवट्याकाठची गावं घेतली आहेत: भिगवण, कुंभारगाव आणि आजूबाजूचा इंदापूर-करमाळ्याचा पट्टा. तुमचं गाव दुसरीकडे असेल तर यादी बदलेल, पायऱ्या त्याच राहतील.

आधी जमवायच्या गोष्टी

- एक सामायिक ईमेल खातं (शाळेचं किंवा गटाचं, कोणा एकाचं खाजगी नको)
- गुगल शीट्स किंवा तत्सम तक्ता
- २-३ जीबी रॅमचा साधा अँड्रॉइड फोन, फक्त चाचणीसाठी
- ऑडॅसिटी (आवाज कापायला, फुकट) आणि फोटो लहान करणारं कुठलंही सॉफ्टवेअर
- छायाचित्रकारांसाठी परवानगीपत्राचा नमुना
- शाळेत चाचणी घ्यायची तर मुख्याध्यापकांचं पत्र
- प्ले स्टोअरवर जायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड
- पक्षी नक्की ओळखणारी दोन माणसं. यांच्याशिवाय सुरुवातच करू नका.

१. वापरणारा एकच ठरवा

मुलं, शिक्षक, पर्यटक, होडी चालवणारे मार्गदर्शक, संशोधक या सगळ्यांसाठी एकच ॲप करायला गेलं की ते कोणाच्याच हातात बसत नाही. आपण पाचवी ते सातवीची मुलं आणि त्यांचे शिक्षक हे धरू. वापरणारा ठरला की बाकीचे वाद आपोआप मिटतात. वाक्यं आखूड हवीत, पिसांबद्दलचे पारिभाषिक शब्द नकोत, फोटो मोठे हवेत, लॉगिन नको. होडीवाल्यांना तेच ॲप उपयोगी पडलं तर बरंच, पण त्यांच्यासाठी वेगळे पडदे (स्क्रीन) काढत बसू नका.

२. साठ पक्ष्यांची यादी

पहिल्या आवृत्तीत ६० पुरेत. दोनशे घातले की मुलांना काही सापडत नाही आणि तुमचेही फोटो पुरत नाहीत.

यादी आठवणीतून काढू नका. ईबर्डच्या (पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या) संकेतस्थळावर कुठल्याही जिल्ह्याचा किंवा ठरावीक पक्षीनिरीक्षण-स्थळाचा पट्टी-आलेख मिळतो. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग असतात आणि पट्टी जितकी जाड तितक्या जास्त नोंदींमध्ये तो पक्षी आलेला असतो. इथे एक सापळा आहे: पुणे जिल्ह्याचा आलेख घेतला तर त्यात ताम्हिणी-लोणावळ्याकडचे जंगलपक्षीही येतात, आणि ते इंदापूरच्या माळावर दिसत नाहीत. म्हणून जिल्हा सोडून पाण्याकाठच्या स्थळांचे आलेख घ्या आणि ते गावातल्या दोन जाणकारांकडून तपासून घ्या.

साधारण विभागणी अशी ठेवा: पाणपक्षी २५, घर-शाळा-झाडांवरचे १५, माळ आणि शेतातले १२, शिकारी ५, रात्रीचे ३. रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, चमचा, शेकाट्या, नदी सुरय, वारकरी, टिबुकली हे पाण्यावरचे हवेतच. पण साळुंकी, गावकावळा, होला, वेडा राघू, शिंपी, सातभाई यांना "हे काय सगळ्यांना माहीत असतं" म्हणून वगळू नका. मूल ॲप पहिल्यांदा उघडतं ते शाळेच्या पटांगणात, आणि तिथे रोहित नसतो.

दुर्मीळ पक्ष्यांचा मोह टाळा. एकदाच दिसलेला गरुड यादीत टाकला की मुलं प्रत्येक घारीला तो गरुड म्हणू लागतात.

३. तक्ता: खरं ॲप हेच

निम्म्याहून जास्त वेळ इथे जावा. कोड नंतर कोणीही लिहून देतं, तक्ता मात्र तुमच्याशिवाय कोणी भरणार नाही. एका ओळीत एक पक्षी आणि रकाने असे:

क्रमांक, मराठी नाव, गावातली इतर नावं, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, आकारगट, जागा, महिने, पाण्याची स्थिती, स्थायिक की पाहुणा, पहिली खूण, दुसरी खूण, नर-मादी-पिल्लू, घोटाळा कोणाशी, खाणं, फोटोफाइली, आवाजफाइल, श्रेय, परवाना, कोणी तपासलं आणि कधी.

काही रकान्यांबद्दल थोडं सविस्तर.

*क्रमांक.* प्रत्येक पक्ष्याला स्वतःचा क्रमांक द्या आणि फाइलींना त्याच क्रमांकाची नावं द्या. शास्त्रीय नाव ओळख म्हणून वापरू नका, कारण ती नावं बदलतात. भोरडी पूर्वी स्टर्नस रोझियस होती, आता पास्टर रोझियस आहे. ईबर्डची वर्गीकरणसूची दरवर्षी सुधारली जाते.

*गावातली इतर नावं.* भारद्वाजाला कुठे कुंभारकुकडा म्हणतात, कोकणात कुकुडकोंबा. मूल जे नाव घरी ऐकतं त्याने शोधलं तर पक्षी सापडला पाहिजे. म्हणून या रकान्यात सगळी रूपं स्वल्पविरामाने लिहा, साळुंकी-साळुंखी अशा उच्चारातल्या फरकांसकट.

*पाण्याची स्थिती.* उजनीकाठी नुसते महिने लिहून भागत नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा काठावर उथळ जागाच नसते. पुढे पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागतो, तसे रोहित आणि चिखलपायटे काठाशी दिसू लागतात. हे दरवर्षी त्याच तारखेला होत नाही. म्हणून तीन पर्याय ठेवा: 'काठोकाठ', 'ओसरतं', 'चिखल उघडा'. ॲप उघडल्यावर मुलाने खिडकीतून बघून यातला एक निवडायचा. इतकं केलं तरी यादी बरीच आखूड होते.

*नर-मादी-पिल्लू.* सर्वात जास्त चुका इथे होतात. रोहितचं पिल्लू करडं-तपकिरी असतं. ॲपमध्ये फक्त गुलाबी फोटो असेल तर मुलं त्याला वेगळाच पक्षी समजतात. वंचक एरवी मातकट रेघांचा, पण विणीच्या दिवसांत पाठ गडद तांबडी होते. गायबगळा एरवी पांढरा, विणीत डोकं-मान नारिंगी. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती शेपटी फक्त विणीच्या हंगामात असते. अशा पक्ष्यांना दोन फोटो सक्तीचे करा आणि फोटोखाली महिने लिहा.

*पहिली खूण.* एकच, आणि तीही पन्नास पावलांवरून दुर्बिणीशिवाय दिसेल अशी. डोळ्याच्या बुबुळाचा रंग ही पहिली खूण होऊ शकत नाही.

एक भरलेली नोंद बघा:

> हळदीकुंकू बदक
> आकार: घारीएवढं
> कुठे: उथळ पाणी, गवताळ काठ
> कधी: बारा महिने
> पहिली खूण: काळ्या चोचीचं टोक पिवळं
> दुसरी खूण: चोचीच्या बुडाशी लाल ठिपका, बसल्यावर पंखाच्या मागच्या भागात पांढरा पट्टा
> नर-मादी: दिसायला सारखेच
> घोटाळा: तलवार बदकाची आणि थापट्याची मादी. त्या दोघी हिवाळ्यातल्या पाहुण्या, आणि दोघींच्या चोचीला पिवळं टोक नाही.
> खातं: पाणवनस्पती, बिया, धान्य

अशी नोंद पन्नासेक शब्दांत बसते. 'घोटाळा कोणाशी' हा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद अपुरी समजा.

तक्ता सीएसव्ही स्वरूपात उतरवताना एक ठरलेला गोंधळ होतो: एक्सेलमध्ये ती फाइल नुसती दोन टिचक्या मारून उघडली आणि पुन्हा जतन केली की मराठीचे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होतात. तक्ता गुगल शीट्समध्येच ठेवा. एक्सेल वापरायचंच तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कोणी दिला तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. नुसता चिकटवला तर निरर्थक अक्षरं येतील.

४. फोटो, आवाज आणि परवानगी

व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो वापरायचा नाही. त्याचा कर्ता कोण हे कळत नाही आणि हक्क त्या कर्त्याचाच असतो.

कायदेशीर मार्ग दोन. पहिला, स्थानिक छायाचित्रकार. परवानगीपत्रात फोटोच्या फाइलीचं नाव, 'मोफत शैक्षणिक ॲप आणि त्यावर आधारित छापील तक्ता' असा वापर, श्रेय कसं लिहायचं, दिनांक आणि सही, एवढं असावं. 'छापील तक्ता' हे शब्द आत्ताच घाला. नंतर भिंतीवर तक्ता लावायचा झाला की पुन्हा सगळ्यांच्या दारात जावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे संग्रह: फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स आणि आयनॅचरलिस्ट, आवाजांसाठी झेनो-कँटो. तिथे प्रत्येक फाइलीचा परवाना वेगळा असतो, तो एकेक करून बघावा लागतो:

- सीसी बाय: श्रेय द्या, वापरा.
- सीसी बाय-एसए: श्रेय द्या; बदल केलेली फाइल त्याच परवान्याखाली द्यावी लागते.
- 'एनसी' असेल तर धंदेवाईक वापर नाही. ॲपमध्ये जाहिरात घातली की अडचण सुरू.
- 'एनडी' असेल तर बदल केलेली फाइल वाटता येत नाही. दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातले वीस सेकंद कापून ॲपमध्ये घालणं यात अडकतं, म्हणून अशा फाइली सोडूनच द्या.

ईबर्ड आणि मर्लिनमधले फोटो-आवाज कॉर्नेल लॅबच्याच मॅकॉले लायब्ररी या संग्रहाचे असतात. ते दिसतात म्हणून उचलता येत नाहीत, वेगळी परवानगी लागते.

आता मापं. फोटो १०८० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, दर्जा ७५ ते ८०. एक फोटो साधारण १२० केबी होतो. ६० पक्षी गुणिले ३ फोटो म्हणजे सुमारे २२ एमबी. आवाज २० सेकंद, मोनो, ६४ केबीपीएस: एक फाइल १६० केबी. पंचेचाळीस पक्ष्यांचे आवाज धरले तर सव्वासात एमबी. म्हणजे सगळं ॲप फॉन्टसकट तीसेक एमबीत बसतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. फोनवरचे मूळ फोटो तसेच टाकले तर हाच आकडा कित्येक पट होतो, आणि गावातली माणसं एवढं मोठं ॲप उतरवत नाहीत.

फोटोंमध्ये दडलेली जीपीएस माहिती पुसा. घुबडाच्या ढोलीचा किंवा घरट्याचा नेमका ठावठिकाणा त्यातून बाहेर जातो. फाइल बदलल्यावर गुणधर्म उघडून स्वतः खात्री करा.

आवाजाबाबत एक व्यावहारिक गोष्ट. भारद्वाजाचं घुमणं, पारव्याचं घुटर्रघू असे खालच्या पट्टीतले आवाज फोनच्या छोट्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. फाइल बिघडली म्हणून आवाज वाढवत बसू नका, फाटून जाईल. त्या नोंदीवर 'हेडफोन लावून ऐका' असं लिहा. टिटवी, तांबट, दयाळ यांना ही अडचण येत नाही.

आणि आवाज आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारं बटण देऊ नका. घरट्याजवळ फोन वाजवला की पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावतो. विणीच्या काळात हे धोक्याचं आहे. बटणाखालीच एक ओळ टाका: 'बाहेर, पक्ष्याजवळ वाजवू नका.'

५. पडदे: चारच

पहिला, 'काय दिसलं?'. पाण्याची स्थिती निवडून झाली की यात तीन प्रश्न चित्रांसह: आकार केवढा, कुठे बसला होता, ठळक रंग कोणता. आकारासाठी सेंटिमीटर विचारू नका. चिमणी (सुमारे १५ सेंमी), साळुंकी (२५), कावळा (४०), घार (६०) आणि 'त्याहून मोठा' असे पाच गट द्या. दुसरा पडदा उत्तरांची यादी, तिसरा पक्ष्याचं पान, चौथा 'आज शोधा': पाच पक्ष्यांची छोटी कामगिरी, उदाहरणार्थ 'पाण्यात बुडी मारणारे दोन शोधा'.

रंगाच्या प्रश्नात एक मेख आहे. सूर्य समोर असताना पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो. म्हणून 'रंग नीट दिसला नाही' हा पर्याय हवाच. तसंच कुठल्याही उत्तरावर यादी रिकामी येता कामा नये. काहीच जुळलं नाही तर सर्वात जवळचे पाच दाखवा.

मराठी अक्षरांसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत परवान्याचे फॉन्ट ॲपमध्येच घाला. फोनच्या फॉन्टवर विसंबलात तर प्रत्येक फोनवर वेगळं दिसेल. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणांत रफार, ऐकार आणि चंद्रबिंदू वरून कापले जातात. ॲपची भाषा 'मराठी' म्हणून नोंदवा, हिंदी नव्हे. नाहीतर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तिथे हिंदी वळणाचे येतात.

शोधपट्टीत ऱ्हस्व-दीर्घ एकच माना. 'टिटवी', 'टीटवी', 'टिटवि' तिन्हींना एकच पक्षी मिळाला पाहिजे. शोधण्याआधी मजकुरातलं अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह (झिरो-विड्थ जॉइनर) काढून टाकायला कोड लिहिणाऱ्याला सांगा. 'ऱ्य' असलेल्या शब्दांत ते कधी असतं, कधी नसतं, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द जुळत नाहीत.

पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी. गडद पडदे देखणे दिसतात, पण दुपारी बाराच्या उन्हात काही वाचता येत नाही.

६. साधन निवडा

कोड येत नसेल तर एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये ठोकळे जोडून ॲप करता येतं. शिकायला छान, पण फोटो-आवाज वाढले की ते अडखळतं. कोड येणारा एखादा मिळत असेल तर फ्लटर (गुगलचं ॲप बनवायचं साधन) घ्या, किंवा ब्राउझरमध्ये उघडणारं, ऑफलाइन चालणारं वेब-ॲप करा. सुरुवात वेब-ॲपनेच करावी: प्ले स्टोअरसारख्या दुकानाची परवानगी लागत नाही, आयफोनवरही चालतं, दुरुस्ती लगेच पोचते, आणि शाळेच्या भिंतीवर किंवा होडीच्या धक्क्यावर क्यूआर कोड चिकटवला की झालं. शाळेत वायफाय नसेल तर पहिल्यांदा उतरवून घेण्याची सोय शिक्षकाच्या हॉटस्पॉटवरून करा.

७. चाचणी

आठ-दहा मुलं, दोघांत एक फोन, विमान मोड चालू. पाच कामं द्या आणि गप्प बसा. मूल अडलं तर मदत करायची नाही, कुठल्या पडद्यावर अडलं ते लिहायचं. एकाच जागी तीन मुलं अडली तर चूक पडद्याची. चाचणी पटांगणात, भर उन्हात घ्या. वर्गात सगळंच ठीक चालतं.

मुलांची नावं, फोटो, ठिकाण काहीही ॲपमध्ये गोळा करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या असतील तर शिक्षकांनी स्वतःच्या ईबर्ड खात्यावर टाकाव्यात.

८. प्ले स्टोअर

नोंदणी शुल्क २५ डॉलर, एकदाच. वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. त्यातल्या कोणी मध्येच नाव काढलं तर मोजणी बिघडते, म्हणून वीसेक जण धरून ठेवा. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो आणि तो मिळायला काही आठवडे जाऊ शकतात.

चढवताना लागतं: ५१२ बाय ५१२ चं चिन्ह, १०२४ बाय ५०० चं शीर्षचित्र, किमान दोन पडदाचित्रं, गोपनीयता धोरणाचा दुवा (काहीच गोळा करत नसलात तरीही) आणि डेटा सुरक्षेचा अर्ज. 'कोणत्या वयासाठी' यात १३ वर्षांखालचे निवडले की कुटुंब-धोरणाचे कडक नियम लागू होतात. जाहिराती आणि लॉगिन नसतील तर ते पाळणं अवघड नाही.

९. पुढची देखभाल

गुगल दरवर्षी टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलं आहे त्याची) किमान पातळी वाढवतं. ॲपला हात न लावता ठेवलं तर ते नव्या फोनवाल्यांना दुकानात दिसेनासं होतं. त्यामुळे वर्षातून एक आवृत्ती काढावीच लागते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो (मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला), तेव्हा शाळांत कार्यक्रम होतातच. नवी आवृत्ती ऑक्टोबरअखेर तयार ठेवा. पाहुणे पक्षीही तोवर येऊ लागलेले असतात.

पुढच्या आवृत्तीत काय घालायचं हे चाचणीच्या वहीतून ठरवा. मुलांनी शोधपट्टीत टाकलेली आणि न सापडलेली नावं, हीच पुढच्या दहा पक्ष्यांची यादी. होडीवाल्यांसाठी एक सूचनांचं पान मात्र लगेच घालता येईल: थव्याने माना ताठ करून एका दिशेला चालायला सुरुवात केली की होडी तिथेच थांबवायची, कारण पुढची पायरी उडण्याची असते.

ॲपच्या सहीची किल्ली (नवी आवृत्ती तुमचीच आहे हे पटवणारी गुप्त फाइल) आणि खात्याचा पासवर्ड दोन जणांकडे, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. किल्ली हरवली की नवी आवृत्ती चढवताना अडकायला होतं. शिक्षकाची बदली झाली तर खातं, तक्ता आणि परवानगीपत्रांची फाइल यांचा ताबा मुख्याध्यापकांकडे लेखी द्या.